आधीची दहा मिनिटं

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

‘नमस्कार. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते, नोकरी ऐरोलीत. मुलगा सहा पूर्ण, पहिलीत आहे. शाळा नौपाड्याच्या बाजूला. सकाळी पावणेसहाला त्याला उठवावं लागतं, साडेसहाला बस. दिवाळीच्या सुट्टीनंतर बसचे स्टॉप वाढले, त्यामुळे घरी यायला आता पावणेदोन होतात. सासूबाई त्याला गेटवरून घेऊन येतात. घरात शिरल्या शिरल्या बूटसुद्धा न काढता बाथरूमकडे पळतो आणि मग सुरू होतं. दप्तर फेकतो, सासूबाईंना लाथा मारतो, एकदा थुंकलासुद्धा. त्या बिचाऱ्या मोबाइल हातात देतात तेव्हा कुठे शांत होतो. मी सातला घरी येते. होमवर्कला बसवलं की पुन्हा तोच प्रकार. तीन-तीन हाका मारल्याशिवाय ओ देत नाही, मुद्दाम ऐकत नाही. टीव्हीचा आवाज मोठा लागतो. डायरीत रिमार्क येतात : लक्ष देत नाही, सांगितलेलं करत नाही, रांगेत एका मुलाला चावला. बाईंनी आता मागच्या बाकावर बसवलंय. मिस्टर रात्री पावणेदहाला येतात, मग दोघांची मस्ती चालते, झोपायला अकरा वाजतात. झोपेत तोंड उघडं असतं, घोरतो, आजोबांवर गेलाय म्हणून आम्ही हसतो. गेल्या आठवड्यात मी रजेवर होते. त्याला गेटवरून आणताना लिफ्टसमोर त्याने लोळण घेतली. चारचौघांसमोर मी त्याला दोन फटके दिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, लाडावून ठेवलाय. सासूबाई म्हणतात, त्याच्या बाबाला एका नजरेचा धाक होता. मिस्टर म्हणतात, मुलं अशीच असतात. त्याला नेमकं काय झालंय? आणि माझं कुठे चुकतंय?’

– एक आई, ठाणे

ताई,

दुसरा प्रश्न आधी बाजूला ठेवू या. ‘माझं कुठे चुकतंय’ हे शोधत बसलात तर सगळं लक्ष स्वतःकडे जाईल, आणि आत्ता ते मुलाकडे हवंय.

पत्रात तुम्ही तीन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. तीन हाकांशिवाय ओ देत नाही. टीव्हीचा आवाज मोठा लागतो. तोंड उघडं ठेवून झोपतो आणि घोरतो. या तिन्ही एकत्र वाचल्या आणि माझा पहिला सल्ला तिथेच ठरला : या आठवड्यात त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. बाकीचं सगळं त्याच्या जोडीने करायचं आहे, त्याच्या आधी नाही.

कारण सांगते. नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वर, ॲडिनॉइड नावाची गाठ असते. या वयाच्या पुष्कळ मुलांमध्ये ती मोठी असते. ती जास्तच वाढली की नाकाने श्वास घेणं जड जातं, मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं. तिथूनच कानाकडे एक बारीक नळी जाते. ती नीट उघडेनाशी झाली की पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, ताप येत नाही, कानातून काही वाहत नाही, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. मुलाला मात्र सगळं कानात कापूस घातल्यासारखं ऐकू येतं. सर्दी वाढली की जास्त, कमी झाली की कमी. म्हणजे एक दिवस तो पहिल्या हाकेला वळून बघतो आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या हाकेलाही नाही. मोठ्यांना वाटतं, ‘काल बरं ऐकू आलं होतं! मुद्दाम करतोय.’ वर्गात चाळीस मुलांचा गलका, त्यात मागचा बाक. बाईंनी काय सांगितलं ते अर्धवट कानावर आलं, शेजारच्याच्या वहीत बघून लिहायला गेला, त्यावरून बोलणी खाल्ली. असं रोज झालं तर कुणाचाही संयम सुटेल, हा तर सहा वर्षांचा आहे.

तुमच्या मुलाला हेच झालंय असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान होत नसतं. पण तपासणी सोपी आहे. डॉक्टर कानात बघतील, श्रवणचाचणी आणि पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी लिहून देतील. दोन्हींत सुई नाही, दुखणं नाही. पडद्यामागे पाणी आढळलं तरी घाबरू नका. बऱ्याच मुलांचं ते काही आठवड्यांत आपोआप कमी होतं, म्हणून डॉक्टर अनेकदा तीनेक महिने नुसतं लक्ष ठेवतात. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. जाताना त्याच्या झोपेचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, घोरण्याचा आवाज आणि छातीची हालचाल दोन्ही दिसेल असा. मध्येच श्वास अडकून पुन्हा दचकल्यासारखा सुरू होत असेल तर ते आवर्जून सांगा. खासगी डॉक्टरांचा खर्च नको असेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे.

आता झोप. रात्री अकरा ते पहाटे पावणेसहा म्हणजे पावणेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप हवी, असं झोपेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही साधारण तेवढीच सांगतात. तुमच्या मुलाची रोज किमान सव्वादोन तासांची तूट आहे, आणि आहे ती झोपही घोरण्यामुळे तुटक असण्याची शक्यता आहे. झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो. झोप न झालेलं लहान मूल पुष्कळदा उलट वागतं : उड्या मारतं, चिडतं, क्षुल्लक गोष्टीवरून भोकाड पसरतं. रात्री दहाला तो मस्ती करतोय म्हणजे त्याला झोप आलेली नाही, असा अर्थ काढू नका.

हे झालं शरीराचं. आता पावणेदोनकडे येते, कारण तुमच्या पत्राचा गाभा तिथे आहे.

लिफ्टसमोरचा तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही लिहिलंय की घरात शिरल्यावर तो बूट न काढता बाथरूमकडे पळतो. याचा अर्थ तो शाळेत लघवीला जात नाही, किंवा जाऊन खूप वेळ झालेला असतो. कापूरबावडीपासून मानपाडा, वाघबीळ, आनंदनगर असं थांबत थांबत, ट्रकच्या मधून, उन्हात बस आलीय. डबा दहाच्या सुमारास खाल्लेला. गेटपासून लिफ्टपर्यंत तो कसाबसा आला, आणि लिफ्ट वर गेलेली. बाजूला काकू उभ्या. तुम्ही कदाचित विचारलं असेल, ‘आज बाईंनी काय रिमार्क दिला?’ त्या क्षणी त्याच्या पोटात भूक, खाली कळ, डोळ्यांत झोप. त्यातलं काहीही नीट शब्दांत सांगता येण्याचं ते वय नाही. मोठ्या माणसालाही अशा वेळी धड बोलता येत नाही. त्याने जमिनीवर अंग टाकलं.

आपण मुलाच्या आकांडतांडवाकडे बघतो, कारण तेच दिसतं आणि तेच ऐकू येतं. मी तुम्हाला सांगेन की त्याच्या आधीची दहा मिनिटं बघा. आणि त्याच्यानंतरची दोन.

त्यासाठी एक वही करा, साधी. पानावर तीन रकाने : आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे लिहा. लिहिताना ‘नाटकं केली’, ‘अंगात आलं होतं’ असं लिहू नका. कॅमेऱ्याला जे दिसलं असतं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ, ‘आधी : दारात आजी म्हणाली बूट काढ, हात धू, डबा संपवलास का, बाईंनी सही मागितलीय का. त्याने : दप्तर फेकलं, दोन लाथा, साधारण चार मिनिटं रडला. नंतर : मोबाइल मिळाला.’ सासूबाईंना लिहायला त्रास होत असेल तर त्यांनी तुम्हाला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवावं, तुम्ही रात्री उतरवून घ्या. आणि ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवसही लिहा, कारण बहुतेक घरांत त्या शांत दिवसांची नोंद कुणी ठेवत नाही आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. रविवारी दुपारी तो लाथा मारतो का? नाही ना? मग रविवारी काय वेगळं असतं?

वही भरत गेली की एक गोष्ट दिसायला लागेल. मूल असं वागतं तेव्हा त्यातून त्याचं काहीतरी साधत असतं. हवी ती वस्तू मिळते, नकोसं काम टळतं, कुणीतरी आपल्याकडे बघतं, किंवा शरीराची घुसमट बाहेर पडते. त्याने हे ठरवून केलेलं नसतं. एकदा केलं, उपयोग झाला, म्हणून अंगवळणी पडलं. आणि दिसायला एकसारखा वाटणारा थयथयाट दोन वेळांना दोन वेगळ्या कारणांनी होऊ शकतो. दुपारचा बहुतेक भूक-लघवी-थकव्यातून आहे आणि शेवटी मोबाइलवर जाऊन थांबतो. संध्याकाळचा होमवर्क टाळण्यासाठी असावा. वर्गातलं मला माहीत नाही, तेही शोधावं लागेल. म्हणून एकच औषध तिन्हीकडे चालत नाही, आणि ‘धाक दाखवा’ हे तर एकाही ठिकाणी चालत नाही.

मोबाइलबद्दल सासूबाईंना दोष देऊ नका. तो किंचाळतो, त्या मोबाइल देतात, घर शांत होतं. त्याला मोबाइल मिळाला, त्यांना शांतता मिळाली, दोघांचंही काम झालं, म्हणून उद्या दोघंही तेच करतात. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घराघरांतले असे प्रसंग बारकाईने नोंदवले, आणि १९८२ मध्ये त्याने हे चक्र सविस्तर मांडलं. माणसं चांगली असली तरी त्या चक्रात सापडतात, हे त्यातून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

चक्र तोडायचं तर मोबाइल द्यायचा, पण वेळेवर. रडण्यावर नाही. साडेचार ते पाच ही वेळ ठरवा. तो शांत असो वा नसो, साडेचारला मिळेल, पाचला परत. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन असं सांगितलंय, टीव्ही धरून. त्यात हा अर्धा तास सहज बसतो. मात्र एक आधीच सांगून ठेवते : किंचाळल्यावर मोबाइल मिळणं थांबलं की पहिले काही दिवस किंचाळणं वाढेल. आवाज मोठा होईल, लाथा वाढतील. उपाय फसला असं तेव्हा वाटतं, खरं तर तो त्याचा नेहमीचा मार्ग जास्त जोर लावून बघत असतो. अशात तिसऱ्या दिवशी कंटाळून मोबाइल दिला, तर तो शिकेल की तीन दिवस लावून धरलं की मिळतो. म्हणून तुम्ही दोघांपैकी एकाला दोन-तीन दिवस दुपारी घरी राहता येईल तेव्हाच हे सुरू करा. सासूबाईंना एकटीवर टाकून नको.

आणि नुसतं बंद करून भागणार नाही, पावणेदोनची घडीच बदलायला हवी. बाईंना विनंती करा की बसमध्ये बसवण्याआधी त्याला लघवीला पाठवावं. तो शाळेत का जात नाही हेही काढून घ्या : वास येतो, कडी लागत नाही, मोठी मुलं असतात, तासाला सोडत नाहीत, यांपैकी काहीतरी निघेल. पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते का ते बघा, लघवीला जायला नको म्हणून मुलं पाणी पिणंच सोडतात. त्यातून पोट साफ न होण्याचा त्रास सुरू होतो आणि मूल आणखी किरकिरं होतं. सोसायटीच्या तळमजल्यावर टॉयलेट असेल तर कमिटीला सांगून त्या वेळी ते उघडं ठेवायला लावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मला त्या लिफ्टसमोरच्या प्रसंगावर याच्याइतका सरळ उपाय दुसरा दिसत नाही.

सासूबाईंनी गेटवर केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू घेऊन जावं. ‘आलास? चल,’ एवढंच बोलावं. प्रश्न नाहीत, सूचना नाहीत. घरी बाथरूम, मग थेट ताट. पंधरा-वीस मिनिटं पोटात काहीतरी जाईपर्यंत शाळेचा विषय काढायचा नाही. बूट कोपऱ्यात पडलेले राहिले तर राहू देत. जेवणानंतर पडदे ओढून अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं, झोप लागली तर उत्तम, फक्त साडेतीनच्या आत उठवायचं, नाहीतर रात्रीची झोप पुढे जाईल. सूचना द्यायची ती एका वेळी एक, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, तो आपल्याकडे बघतोय याची खात्री करून. कानाचा निकाल येईपर्यंत तर असंच बोला. दुसऱ्या खोलीतून हाक मारणं घरातल्या सगळ्यांनीच बंद करा.

एवढं करूनही कधीतरी भडका उडेलच. तेव्हा काय करायचं?

बोलणं कमी करा. त्या दोन-चार मिनिटांत समजावणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, ‘असं का केलंस’ या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःलाच माहीत नसतं. जवळचं काच-भांडं उचला. त्याच्या उंचीला बसा, पण लाथ लागणार नाही एवढं अंतर ठेवून. आवाज खाली आणून एकच वाक्य : ‘मी मारू देणार नाही. मी इथे आहे.’ हात उगारला तर मनगट हलकं धरा आणि सोडा. बाजूला काकू असतील तर त्यांच्याकडे पाठ करा, त्यांना खुलासा देण्याची ही वेळ नाही. शांत झाल्यावर पाणी, तोंड पुसणं, थोडा वेळ. मग फेकलेलं दप्तर दोघांनी मिळून उचलायचं, चुकवायचं नाही. आजीची माफी त्याच क्षणी दमदाटीने वदवून घेऊ नका, त्याला काही अर्थ नसतो. संध्याकाळी विचारा, ‘आजीला लागलं. तिला बरं वाटावं म्हणून काय करशील?’ बाम लावून देणं, पाण्याचा ग्लास नेणं, मुलांना हे चांगलं सुचतं.

तुम्ही दिलेल्या फटक्यांबद्दल स्पष्ट बोलते. ते देऊ नयेत. २०१६ मध्ये एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकन संशोधकांनी दीड लाखाहून जास्त मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले, आणि मार मिळणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि उलटेपणा जास्त आढळला, कमी नाही. शिवाय आपण त्याला सांगतोय ‘मारायचं नाही’, तेही मारून. त्याला एकदा शांतपणे सांगा, ‘त्या दिवशी मी तुला मारलं, तसं करायला नको होतं.’ याने तुमचा मान जात नाही.

संध्याकाळचा होमवर्क मी काही आठवडे पूर्ण बंद करायला सांगेन. पावणेसहाला उठलेलं मूल साडेसातला लिहायला बसतं तेव्हा त्याला उठून जवळजवळ चौदा तास झालेले असतात. बाईंना चिठ्ठी लिहा की झोप आणि कानाची तपासणी चालू आहे, तीन आठवडे लेखी काम शनिवार-रविवारी करून पाठवू. सातला तुम्ही आलात की जेवण, अंघोळ, एखादी गोष्ट, आणि साडेआठला दिवा बंद. म्हणजे सव्वानऊ तास होतात. पहिले चार-पाच दिवस तो नुसता लोळेल, एकदम जमणार नाही, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत चला.

यात मिस्टरांचं नुकसान आहे, आणि ते मला दिसतंय. दिवसभर लोअर परळ म्हणा, अंधेरी म्हणा, तिथे राबून लोकलमधून लोंबकळत आलेल्या माणसाला लेकराबरोबरचा तो एक तासच मिळतो. तो काढून घेतला तर त्याला दुसरा द्यायला हवा. सकाळी उठवण्यापासून बसपर्यंतचा वेळ त्यांचा करा. बूट त्यांनी घालायचे, गेटपर्यंत त्यांनी न्यायचं, बस येईपर्यंत गप्पा त्यांनी मारायच्या. रविवारी सकाळी उपवनला किंवा तलावपाळीला दोघांनीच जायचं, तुम्ही घरी झोपा काढा. ‘मुलं अशीच असतात’ असं म्हणणाऱ्या बाबाला सकाळच्या त्या पाऊण तासात बरंच काही दिसेल.

सासूबाईंना एक प्रश्न विचारा, खोचकपणे नाही, मनापासून : बाबा लहान असताना शाळेतून किती वाजता यायचा, कसा यायचा, दुपारी काय करायचा? त्या सांगत असताना त्यांनाच आजच्या दिवसाशी फरक जाणवेल. आणि आणखी एक. या वयात नातवाच्या लाथा खाणं ही अंगाला आणि मनाला लागणारी गोष्ट आहे. ‘आई, तुम्हाला किती लागलं?’ असं घरात कुणी त्यांना विचारलंय का? विचारलं नसेल तर आधी ते विचारा, मग मोबाइलचं बोला.

शाळेत जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. बाईंपुढे खूप मुलं आहेत आणि त्याही थकलेल्या असतात. त्यांना तीन गोष्टी विचारा. कुठल्या तासाला जास्त होतं? त्याच्या लगेच आधी काय सांगितलेलं असतं? आणि नंतर काय करता? उत्तर ‘फळ्यावरून उतरवायला सांगितलं की पेन्सिल फेकतो, मग वर्गाबाहेर उभा करते’ असं आलं, तर समजा की पेन्सिल फेकल्याने त्याचं लिहिणं टळतंय. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत असंच काही मुलांवर काम केलं. जी मुलं अवघड काम आलं की त्रास द्यायची, त्यांना ‘मला कळत नाहीये’ असं म्हणून मदत मागायला शिकवलं, आणि त्रास देणं खूप कमी झालं. ती मुलं विकासाच्या अडचणी असलेली होती, पण हा मार्ग आज सगळ्याच मुलांसाठी वापरला जातो. तुमच्या मुलाला बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायला एक छोटं रंगीत कार्ड द्या. ते उभं केलं की बाईंनी जवळ येऊन एकदा सांगायचं. घरी हे आधी खेळात शिकवा, शांत असताना. सुरुवातीला प्रत्येक वेळी कार्डाला दाद मिळाली पाहिजे, नाहीतर तो पुन्हा पेन्सिलीकडेच वळेल.

पहिल्या बाकाची मागणी लेखी करा, कानाचं कारण देऊन. चावण्याबद्दल विचारताना ‘का चावला’ याच्याऐवजी ‘रांगेत त्याच्या मागे-पुढे कोण होतं, काय झालं’ असं विचारा. शाळेतला रिमार्क घरी आल्यावर पुन्हा शिक्षा करू नका, सकाळी दहाच्या चुकीची रात्री आठला मिळालेली शिक्षा या वयाच्या मुलाला कशासाठी आहे तेच कळत नाही. आणि कुणी वर्गात हात उचलत असेल किंवा चारचौघांत अपमान करत असेल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

एका गोष्टीने मला थांबवलं : दिवाळीनंतर. बसचे स्टॉप वाढले म्हणजे नवी मुलं आली, कदाचित मोठी, कदाचित नवा मदतनीसही. प्रवास लांबला एवढंच असेलही. तरी विचारून घ्या, पण ‘तुला कुणी त्रास देतं का’ असं थेट नको. कागद-रंग घेऊन बसा, बसचं चित्र काढायला लावा. तू कुठे बसतोस, शेजारी कोण असतं, काका काय म्हणतात? तो सांगेल तेवढं ऐका, तोंडात शब्द घालू नका, चेहऱ्यावर घाबरणं दाखवू नका. बसमध्ये बसायलाच नकार, कपडे बदलताना दचकणं, एकाच माणसाचं नाव निघताच गप्प होणं, असं काही दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवा.

दोन-तीन महिने हे सगळं नीट करूनही फरक पडला नाही, तो स्वतःला इजा करायला लागला, बोलणं किंवा आधी येत असलेलं काही मागे पडलं, किंवा अक्षरं-वाचन त्याला इतरांपेक्षा फारच जड जातंय असं दिसलं, तर बालविकास तज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून काम करते आहे, तुमच्या रोजच्या रस्त्यावर म्हणावी इतकी जवळ. तिथे जाणं म्हणजे मुलावर शिक्का बसणं नाही. वही बरोबर न्या, त्यांचं काम सोपं होईल. आणि तुम्हाला स्वतःला रात्री रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तुम्ही पत्रभर सगळ्यांबद्दल लिहिलंत, स्वतः कशा आहात ते लिहिलं नाहीत.

कानाच्या तपासणीत काय निघालं आणि वहीतल्या किती नोंदी दुपारच्या निघाल्या, ते जमेल तसं कळवा. बसबद्दल त्याने काही सांगितलं तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा, आणि तिथे हालचाल दिसली नाही तर १०९८ वर, मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर, फोन करा.